बोलिंगचा बॉल अडकतो, निसटतो, वळत नाही: नवा घेण्याआधी काय तपासायचं

गोव्यात टेनपिन बोलिंगचा स्वतःचा बॉल बाळगणारी मंडळी मोजकीच, आणि त्यातल्या बहुतेकांच्या तोंडून एकच तक्रार ऐकू येते: "हा बॉल मला जमत नाही रे बाब, दुसरा बघतो." बॉल हातात घेऊन बघितलं की दोष कव्हरमध्ये (बाहेरच्या थरात) किंवा कोअरमध्ये (आतल्या गाभ्यात) क्वचितच निघतो. तो असतो अंगठ्याच्या भोकात. ते भोक बरोबर नसेल तर माणूस मूठ आवळतो, मूठ आवळली की मनगट फिरत नाही, आणि मग जगातला सगळ्यात महागडा बॉलसुद्धा लाकडाच्या ओंडक्यासारखा सरळ जातो.

आपली खरी अडचण अंतराची आहे. नीट मापं घेऊन ड्रिल करणारा माणूस गाठायचा तर बेंगळुरू किंवा मुंबई, म्हणजे रात्रीची बस नाहीतर मडगावहून कोकणकन्या. म्हणून खालचा क्रम तसा लावला आहे: आधी फुकटचं, मग थोड्या पैशांचं, आणि जे एकदा केलं की परत फिरवता येत नाही ते सगळ्यात शेवटी. सगळं उजव्या हाताने टाकणाऱ्यांसाठी लिहिलं आहे, डावखुऱ्यांनी उलट धरावं.

लक्षणं

- सुटताना अंगठ्यातून "टप्प" असा आवाज येतो, बॉल उचलला जातो आणि फाउल लाइनच्या, म्हणजे ज्या रेषेमागून बॉल टाकायचा तिच्या, पुढे दोन-तीन फुटांवर आपटतो. म्हणजे अंगठा अडकतोय.
- हात मागून पुढे येतानाच बॉल निसटतो, किंवा निसटेल या भीतीने तुम्ही तो चिमटीत पकडता.
- पहिल्या गेमला अडकतो, तिसऱ्या गेमला सैल होतो. हे आपल्याकडे सर्रास दिसतं.
- अंगठ्याच्या बुंध्याशी कातडी सोलवटते, किंवा नखाच्या बाजूला सांध्यावर फोड येतो, किंवा दुसऱ्या दिवशी अनामिका दुखते.
- बॉल लेनवरून जाताना "टक-टक-टक" वाजतो.
- बॉल वळतच नाही. किंवा उलट, निम्म्या लेनवरच वळून डावीकडे पळतो.
- नवा होता तेव्हा छान वळायचा, आता त्याच्यात जीव नाही.

पहिली चार लक्षणं पकडीची, शेवटची दोन कव्हरची आणि तुमच्या फेकीची. "टक-टक" मधलं आहे, त्याच्याकडे शेवटी येतो.

बूट आणि हात

हसू नका, सुरुवात बुटापासूनच करायची. डाव्या बुटाचा तळ शेवटच्या पावलाला घसरायला हवा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कुठलीच वस्तू धड सुकत नाही. बॅगेत कोंबलेल्या बुटाच्या तळाला ओल धरते, वर बुरशीचा पांढरा थर. त्यात कोणी तोच बूट घालून बाथरूमच्या ओल्या लादीवरून फिरून आलं की संपलं. शेवटचं पाऊल घसरण्याऐवजी गच्च थांबतं, खांदा पुढे फेकला जातो, हात उशिरा येतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं अंगठा अडकला. बॉल न घेता दोन-तीनदा चालून बघा. पाऊल रिकाम्या हातानेही अडखळत असेल तर बॉलला दोष देऊ नका. तळ कोरड्या तारेच्या ब्रशने हलका घासा आणि बूट बॉलच्या बॅगेत न ठेवता वेगळ्या कापडी पिशवीत ठेवा.

मग हात. पर्वरीहून किंवा फोंड्याहून स्कूटरने आलात तर अर्धा तास उजव्या मुठीत अॅक्सिलरेटर होता. बाहेर दमट हवा, बोटं फुगलेली. आत एसी, अर्ध्या-पाऊण तासात कातडी कोरडी पडते आणि अंगठा आक्रसतो. पहिल्या गेमला घट्ट आणि तिसऱ्याला सैल होण्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. म्हणून आल्या आल्या भोक मोठं करायचा निर्णय घेऊ नका. पंधरा-वीस मिनिटं बसा, हात कोरडे करा, काही चेंडू टाका आणि मगच अंगठा तपासा.

भोक साफ आहे का

मोबाइलचा टॉर्च भोकात मारा. जुन्या टेपचा डिंक, टाल्कम पावडर आणि घाम यांचा काळपट लगदा भिंतीला चिकटलेला असतो, आणि नेमका तोच अंगठ्याला धरून ठेवतो. मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपाइल अल्कोहोल जुन्या बनियनच्या तुकड्यावर घ्या, बोटाने आतून गोल फिरवून पुसा, कापड स्वच्छ निघेपर्यंत. रोझिनची (राळेची) पिशवी आणि पावडर पावसाळ्यात दगड होतात. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवल्या तरच त्यांचा उपयोग.

आता टेप. बोलिंगची टेप स्वस्त आहे आणि एक पाकीट महिनोन्महिने जातं. ती लावायची कशी यात मात्र बरेच जण गोंधळतात. भोक सैल असेल तर नखाच्या बाजूला एक पट्टी लावा, भोकाच्या काठापासून साधारण पाव इंच खाली. काठाला चिकटवली तर दुसऱ्या-तिसऱ्या फेकीला तिचं टोक उचलतं आणि अंगठा त्यातच अडकतो. नखाच्याच बाजूला का? कारण अंगठ्याच्या मऊ भागाला जो स्पर्श सवयीचा झालाय तो बदलत नाही आणि स्पॅनही (अंगठ्याच्या आणि बोटांच्या भोकांमधलं अंतर) तेवढाच राहतो. एका वेळी एकच पट्टी लावा आणि प्रत्येक पट्टीनंतर बॉल टाकून बघा.

बरोबर बसलं का ते असं ओळखा: अंगठा मुळापर्यंत आत घाला आणि गोल फिरवा. कातडी सगळीकडून हलकी लागली पाहिजे, कुठेही ओढली जाता कामा नये. मग बोटं घालून हात बाजूला सरळ सोडा, बॉल लोंबकळू द्या आणि मूठ मुद्दाम ढिली करा. दोन-चार सेकंद बॉल आपोआप राहिला तर पकड ठीक आहे. राहत नसेल तर तुम्ही प्रत्येक फेकीला त्याला दाबून धरताय. हे सोफ्यावर किंवा गादीवर करा, पायाच्या वर नको.

स्पॅन घरीच बघा

स्पॅन म्हणजे अंगठ्याच्या भोकाच्या काठापासून बोटांच्या भोकाच्या काठापर्यंतचं अंतर. भाड्याच्या बॉलमध्ये बोटं दुसऱ्या पेरापर्यंत आत जातात, त्याला कन्व्हेन्शनल ग्रिप म्हणतात. स्वतःचा बॉल साधारणपणे फिंगरटिप असतो, त्यात मधलं बोट आणि अनामिका पहिल्या पेरापर्यंतच.

तपासायचं असं: अंगठा पूर्ण आत. बोटं भोकात न घालता भोकांवरून सपाट पसरा, ताणू नका. फिंगरटिपमध्ये पहिल्या पेराची घडी भोकाच्या आतल्या काठाच्या साधारण पाव इंच पुढे पडली पाहिजे, म्हणजे भोकाच्या वर. कन्व्हेन्शनलमध्ये तेच दुसऱ्या पेराच्या घडीबाबत. घडी काठापर्यंतच पोचत नसेल तर स्पॅन लांब आहे. मग अंगठ्याच्या बुंध्याशी ताण येतो, तिथली कातडी सोलवटते आणि अंगठा उशिरा सुटतो. घडी बरीच पुढे जात असेल तर स्पॅन आखूड. मग अंगठा भोकात वाकतो, नखाच्या बाजूचा सांधा घासला जातो आणि तिथे फोड येतो. फोड कुठे आलाय यावरून अर्धं निदान होतं, म्हणून तो बरा व्हायच्या आधी फोटो काढून ठेवा. ड्रिल करणाऱ्याला तो फोटो दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगेल.

दुबईहून किंवा जहाजावरून परतताना कोणीतरी आणलेला सेकंडहँड बॉल असेल तर इथेच थांबा. तो दुसऱ्याच्या हाताला ड्रिल केलेला आहे. टेपने भोक लहान होईल, पण स्पॅन आणि पिच (भोकाचा कल) बदलणार नाहीत. अशा जुन्या बॉलला कधीकधी चौथं, वजनाचा तोल साधणारं भोकही असतं. अमेरिकेच्या यूएसबीसीच्या (युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस या संघटनेच्या) नियमांत १ ऑगस्ट २०२० पासून ते चालत नाही, प्रत्येक भोक पकडीसाठी वापरलं गेलंच पाहिजे. मित्रांत खेळायला कोण विचारतो, पण त्या नियमांवर चालणाऱ्या स्पर्धेत उतरायचं असेल तर ते बुजवून घ्यावं लागेल.

बॉल मेला की तेल प्यायला

रिअॅक्टिव्ह रेझिनच्या कव्हरला सूक्ष्म छिद्रं असतात आणि ते लेनवरचं तेल शोषतं. प्लॅस्टिकचा बॉल शोषत नाही, म्हणून तो मरतही नाही, आणि तेलावर वळतही नाही. प्लॅस्टिकच्या बॉलने "वळत नाही" अशी तक्रार असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. तो सरळ जाण्यासाठीच असतो, स्पेअरसाठी, म्हणजे पहिल्या फेकीनंतर उरलेल्या पिन पाडण्यासाठी ठेवा.

रिअॅक्टिव्ह असेल तर सवय लावा: खेळून झाल्याबरोबर, बॉल अजून कोमट असताना, मायक्रोफायबर कापडाने पुसा आणि मग अल्कोहोल किंवा बॉल क्लीनर. मध्ये, म्हणजे दोन फेकींच्या दरम्यान, फक्त कोरडं कापड. स्पर्धेत तर ओलं कापड आणि कुठलंही द्रव यूएसबीसीच्या नियमांनी बंदच आहे.

तरीही वळण परत येत नसेल तर गरम पाणी. भोकांवर पाणी न शिरणारी टेप घट्ट लावा. बादलीत साधारण ५० ते ५५ अंश सेल्सिअसचं पाणी, त्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब. गिझरचं कडक पाणी थेट ओतू नका, थोडं गार पाणी मिसळा. वीसेक मिनिटांनी बॉल बाहेर काढलात की अंगावर तेलाचे बारीक मणी दिसतील. लगेच पुसा, पाणी बदला, पुन्हा बुडवा. मणी यायचे थांबले की झालं. मग पंखा-एसीपासून लांब, सावलीत आपोआप गार होऊ द्या. ओव्हन, मायक्रोवेव्ह, हेअर ड्रायर हे उद्योग नकोत. तेच कारच्या डिकीचं. एप्रिलमध्ये मडगावच्या उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत बॉल तापतो, मग एसीत येऊन गार होतो, आणि आतला कोअर व बाहेरचं कव्हर सारख्या प्रमाणात फुगत-आक्रसत नाहीत. तडा जातो तो अनेकदा भोकांच्या मधल्या अरुंद पट्टीतच. घरी पलंगाखालची जागा सगळ्यात चांगली.

आधी स्वतःची फेक मोजा

इथे थोडं सविस्तर, कारण "माझ्या स्टाइलला कुठला बॉल" या प्रश्नाचं उत्तर दुकानात मिळत नाही, मोबाइलमध्ये मिळतं.

बॉलवर पांढऱ्या टेपचा एक तुकडा लावा. मित्राला बाजूला उभं करून स्लो-मोशनमध्ये, सेकंदाला २४० फ्रेमवर, बॉल सुटतानाचं चित्रण करायला सांगा. बॉल हातातून सुटल्यावर टेप एक पूर्ण फेरा मारते, त्याला किती फ्रेम लागल्या ते मोजा. १४,४०० ला त्या आकड्याने भागा, की मिनिटाला किती फेरे ते निघालं. ४८ फ्रेम लागल्या तर ३००. वेगासाठी फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंतचा वेळ बघा. अंतर ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर. अडीच सेकंद लागले तर सरासरी वेग ताशी २६ किलोमीटरच्या आसपास.

आता जुळवणी. वेग जास्त आणि फेरे कमी, म्हणजे २५०च्या आतबाहेर, असं असेल तर बॉलला लेन धरायला वेळ मिळत नाही. त्याला खरखरीत, सॉलिड कव्हरचा रिअॅक्टिव्ह लागतो. वेग कमी आणि फेरे ४०० च्या वर, तर तोच बॉल लवकर वळून दमून जाईल. अशाला गुळगुळीत पर्ल कव्हर किंवा युरेथेनच्या कव्हरचा बॉल बरा. दोन्ही मध्यम असतील तर फार डोकं लावू नका. मधल्या ताकदीचा कुठलाही रिअॅक्टिव्ह चालतो आणि बाकीचं काम पकड करते. वजनाबाबत माझं मत: तिसऱ्या गेमच्या शेवटीही वेग उतरत नाही असं सगळ्यात जास्त वजन. शरीराच्या वजनाच्या दहावा भाग वगैरे सूत्रं मी धरत नाही. पण १२ पौंड आणि त्याखाली अनेक मॉडेलमध्ये आतल्या कोअरचा आकारच वेगळा असतो, त्यामुळे १५ पौंडांच्या बॉलचा व्हिडिओ बघून १२ चा मागवला तर तसा वळेलच असं नाही.

लेनचीही चौकशी करा. पर्यटकांची वर्दळ असलेल्या ठिकाणी तेल शेवटचं कधी घातलं ते काउंटरवर विचारा, लाजायचं काय त्यात. लेन कोरडी असेल तर कुठलाही रिअॅक्टिव्ह लवकरच वळणार, आणि त्याचं खापर बॉलवर फुटणार.

थोडाच फरक हवा असेल तर बॉल न बदलता त्याची पृष्ठभागाची खरखर बदला. ५०० ते ४००० ग्रिटचे गोल पॅड मिळतात. आकडा लहान तेवढी खरखर जास्त, तेवढा बॉल लवकर लेन धरतो. सुरुवात २००० ने करा, ओल्या पॅडने, सगळ्या बाजूंनी सारखं. हे परत फिरवता येतं.

इथून पुढे हात आवरा

भोकाचा काठ टोचत असेल, किंवा टेप सगळी काढूनही घट्टच असेल, तर गोल दांडीला बारीक सँडपेपर गुंडाळून थोडं थोडं घासता येतं. दोन-चार फेरे, अंगठा घालून बघणं, पुन्हा दोन-चार. घासलेलं परत येत नाही. भोक गोल राहत नाहीये असं वाटलं की थांबा.

आणि वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला ओळखीचा लेथवाला. दर वर्षी कोणी ना कोणी विचारतोच: "लोखंडात भोक पाडतो तो, प्लॅस्टिकात काय अवघड?" भोक पाडणं अवघड नाहीच. अवघड आहे ते कुठे आणि कोणत्या कलाने. भोक बॉलच्या केंद्राकडे सरळ जातं की तळहाताकडे कललेलं असतं की उलट दिशेला, त्यालाच पिच म्हणतात. तळहाताकडे कल जास्त झाला तर अंगठा अडकतो, उलट जास्त झाला तर बॉल निसटतो आणि माणूस चिमटीत धरायला लागतो. एक अष्टमांश इंचाचा फरकही हाताला कळतो. शिवाय आतला कोअर कुठल्या दिशेला बसवायचा हे तुमच्या फेकीचा अक्ष, म्हणजे बॉल ज्या रेषेभोवती फिरतो ती, बॉलच्या पृष्ठभागावर कुठे येते त्यावर ठरतं. त्या बिंदूला पीएपी म्हणतात, आणि बॉलवरच्या रंगीत ठिपक्याचं, म्हणजे पिनचं, त्यापासूनचं अंतर फ्लेअर, म्हणजे बॉलवरच्या तेलाच्या कड्या किती पसरतात ते, ठरवतं. सुमारे ३ ३/८ इंचावर फ्लेअर सगळ्यात जास्त, शून्यावर किंवा ६ ३/४ इंचावर सगळ्यात कमी. लेथवाल्याला यातलं काहीच माहीत असायचं कारण नाही, त्याचा दोष नाही.

"टक-टक" आवाज इथे येतो. बॉल परत आल्यावर अंगावरच्या तेलाच्या कड्या बघा. त्या अंगठ्याच्या किंवा बोटांच्या भोकावरून जात असतील तर आवाज त्याचाच. कधी मनगट सोडण्याच्या पद्धतीने होतं, पण दर फेकीला होत असेल तर लेआउट, म्हणजे कोअरच्या मानाने भोकांची मांडणी, चुकलाय. ते घरी सुटत नाही.

तज्ज्ञाकडे जायचं ते या चार कारणांसाठी: स्पॅन पाव इंचाचं गणित सोडून भलतीकडेच असणं, टेप नीट असूनही अडकणं किंवा निसटणं, भोकांवरून जाणाऱ्या तेलाच्या कड्या, आणि तडा. तडा गेलेला बॉल तोपर्यंत टाकू नका.

दुखण्याचं वेगळं. अंगठ्याच्या तर्जनीकडच्या बाजूला बधिरपणा, मुंग्या, किंवा दाबल्यावर झणका येत असेल तर ती मज्जातंतूची बाब आहे, भोकाच्या काठाचा सततचा दाब तिथल्या शिरेवर येऊन होते. खेळ थांबवा आणि आधी डॉक्टर. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) अस्थिरोग विभागात दाखवा किंवा तुमच्या नेहमीच्या हाडांच्या डॉक्टरांना. ड्रिल नंतर.

ड्रिल करायला जाताना

बॉल कुरिअरने पाठवून "मागच्यासारखंच करा" सांगू नका, हात सोबत न्यावाच लागतो. रात्रभर बसमध्ये बसून उतरल्या उतरल्या मापं देऊ नका, बोटं सुजलेली असतात. सकाळी चहा-नाश्ता, एक गेम टाका, मग माप. जुना बॉल, फोडाचा फोटो आणि फेरे-वेगाचे आकडे दाखवा. अंगठ्याच्या भोकात स्लग, म्हणजे भोक पाडलेला बदलता येणारा तुकडा, बसवून घ्या. तो पुढे काढून नवा बसवता येतो, अख्खा बॉल बुजवावा लागत नाही. काम झालं की स्पॅन, पिच, भोकांचे व्यास, पीएपी आणि लेआउट लिहिलेला कागद मागा आणि त्याचा फोटो काढा. पुढच्या बॉलला निम्मं काम तिथेच वाचतं.

आणि अंगठ्याचं भोक अगदी फिट मागू नका, किंचित मोठं ठेवायला सांगा, एक-दोन पट्ट्यांची जागा राहील इतकं. बेंगळुरूच्या कोरड्या हवेत घेतलेलं माप आपल्याकडे जुलैत घट्ट होतंच. तेव्हा एक पट्टी काढायची, चवथीनंतर हवा सुकायला लागली की परत लावायची.